खाऱ्या पाण्याच्या लहान टाकीतील खुजा एंजल मासा : पाण्याची मशागत व निगा

शोभेचे मासे पाळण्याची आवड आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावातील शाळा, दवाखाने, दुकाने, तसेच कोकणातील कृषी पर्यटनाची घरे येथेही काचेच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. यांपैकी बहुतेक टाक्या गोड्या पाण्याच्या असतात. तथापि प्रवाळांत राहणाऱ्या रंगीत सागरी माशांचे आकर्षण मोठे असल्याने, खाऱ्या पाण्याची लहान टाकी ठेवावी काय, अशी विचारणा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे होऊ लागली आहे. अशा विचारणेत खुज्या एंजल माशाचे नाव वारंवार येते. मासा लहान आहे, तेव्हा टाकी लहान पुरेल आणि टाकी लहान आहे, तेव्हा काम थोडे असेल, अशी समजूत त्यामागे असते. या समजुतीचा दुसरा भाग सर्वस्वी चुकीचा आहे. त्यापायी पैसा वाया जातो व समुद्रातून धरून आणलेला जीव थोड्याच दिवसांत मरतो. म्हणून या माशाची निगा कशी राखावी व ती कोणी अंगावर घ्यावी, याची माहिती पुढे दिली आहे.

माशाची ओळख

दुकानात ‘एंजल’ या नावाने दोन अगदी निराळे मासे विकले जातात. त्रिकोणी, चपटा व लांब परांचा जो मासा सर्वत्र दिसतो, तो दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा, गोड्या पाण्याचा मासा होय. प्रस्तुत लेखातील मासा समुद्रातील आहे. शास्त्रीय वर्गीकरणात त्याच्या गणाला सेंट्रोपायगी असे म्हणतात व त्यात तीसहून अधिक जाती आहेत. त्यांची लांबी साधारणपणे आठ ते पंधरा सेंटीमीटर असते. याच कुळातील मोठ्या जाती तीस सेंटीमीटरच्याही पुढे वाढतात. त्यांच्या मानाने या जाती लहान, म्हणून त्यांना खुजा एंजल म्हणावयाचे.

या जातींपैकी व्यापारात ‘कोरल ब्यूटी’ या नावाने ओळखली जाणारी जात नवशिक्यास त्यातल्या त्यात सोयीची आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पॅसिफिक महासागरातील तुआमोटू बेटांपर्यंत ती आढळते. अंग गर्द निळे-जांभळे असून दोन्ही कुशींवर नारिंगी छटा व बारीक उभ्या रेघा असतात. लांबी सुमारे दहा सेंटीमीटर भरते. गालाच्या हाडावर मागे वळलेला बळकट काटा असणे, ही या कुळाची खूण आहे. हा काटा जाळीत अडकून माशास इजा होते. म्हणून मासा हलविताना जाळीऐवजी प्लास्टिकचे स्वच्छ भांडे वापरावे.

समुद्रात हा मासा दिवसभर प्रवाळ-खडकांच्या फटींतून फिरत, दगडावरील शेवाळ व त्यातील सूक्ष्म जीव खुडून खात असतो. एका नराच्या ताब्यात काही माद्या व ठरावीक हद्द असते. सर्व मासे प्रथम मादी असतात. नर नाहीसा झाल्यास सर्वांत मोठी मादी नर बनते. हद्द राखण्याचा स्वभाव इतका तीव्र असतो की, लहान टाकीत एकाच गणाचे दोन मासे सोडल्यास दुबळा मासा मार खाऊन मरतो. म्हणून लहान टाकीत खुजा एंजल एकच ठेवावा, आणि सोबत दुसरे शांत मासे ठेवावयाचे असल्यास एंजल सर्वांत शेवटी सोडावा. हा मासा काही वेळा जिवंत प्रवाळांस व शिंपल्यांच्या मांसल कडांस टोचतो, हेही ध्यानात असावे.

टाकी केवढी असावी

या माशासाठी ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच अशी टाकी घ्यावी. तिची धारणक्षमता सुमारे १८२ लिटर होते. दगड, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी १५० लिटर धरावे. पाणी, दगड व काच मिळून वजन दोन क्विंटलांहून अधिक भरते. तेव्हा घोडी मजबूत व जमीन सपाट हवी. थेट ऊन येणारी खिडकी, चूल किंवा सतत हादरणारे दार यांजवळ टाकी ठेवू नये.

याहून लहान टाकी स्वस्त पडते, परंतु ती सांभाळणे अधिक अवघड असते. मोठ्या तलावात एक घागर गढूळ पाणी पडले, तर फरक दिसत नाही. तेच रांजणात पडले, तर सर्व पाणी बिघडते. चाळीस लिटरच्या टाकीत न खाल्लेला कोळंबीचा एक तुकडा सडला किंवा दुपारी ऊन लागले, तर काही तासांत माशाच्या जिवावर बेतते. पाणी जितके कमी, तितकी चुकीला जागा कमी, हा नियम कार्यकर्त्याने प्रथम समजावून सांगावा.

टाकीत पाणी खेळते ठेवणारा पंप, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर, पाण्याचे उष्णतामान दाखविणारा मापक आणि खारेपणा मोजणारे साधन या गोष्टी आवश्यक आहेत. खारेपणाचा अंदाज चवीवरून घेण्याचा प्रयत्न करू नये.

मीठ व पाणी

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी साधारण ८५ टक्के भाग आपल्या खाण्याच्या मिठाचा व बाकीचा मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचा असतो. मिठागरात मीठ जमल्यावर जे कडू पाणी काढून टाकतात, त्याबरोबर मॅग्नेशियमसारखे क्षार निघून जातात. म्हणून मिठागराचे किंवा बाजारातील आयोडीनयुक्त मीठ पाण्यात विरघळवून समुद्राचे पाणी तयार होत नाही. मत्स्यालयांसाठी मुद्दाम बनविलेले मीठच वापरावे. १५० लिटर पाण्यास ते सुमारे सव्वापाच किलो लागते. पुडीतील मिठात ओलावा असल्यास थोडे अधिक लागेल. तेव्हा शेवटचा निवाडा मापकावरून करावा. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ यांच्या दरम्यान असावे.

मीठ कालविण्यासाठी शुद्धीकरण यंत्रातून काढलेले, क्षारविरहित पाणी उत्तम. विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यात शेतातून झिरपलेले नायट्रेट व इतर क्षार असू शकतात, तर नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. मीठ वेगळ्या भांड्यात कालवून, पाणी एक दिवस ढवळते ठेवून मग टाकीत घालावे. मासा असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये. पितळेची किंवा तांब्याची भांडी या कामी सर्वथा वर्ज्य होत.

किनाऱ्यावरील मंडळींना समुद्राचे पाणी वापरता येते. मात्र ते खाडीच्या मुखापासून, बंदरापासून व सांडपाण्याच्या नाल्यांपासून दूर अंतरावरून आणावे. पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ होते व त्याचा खारेपणा उतरतो. तेव्हा त्या दिवसांत ते आणू नये.

आता एक गोष्ट कालव्याखालील शेतकऱ्यास सांगावयाची गरज नाही. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. याच कारणाने निचरा नसलेल्या बागायती जमिनी खारवट होतात, आणि टाकीतही नेमके हेच घडते. रोज दीड लिटर पाणी उडून गेले व दहा दिवस लक्ष दिले नाही, तर १५० लिटरांचे १३५ लिटर उरते आणि लिटरमागे ३५ ग्रॅमचा खारेपणा ३९ ग्रॅमवर जातो. म्हणून टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करावी व रोज त्या खुणेपर्यंत क्षारविरहित गोडे पाणीच भरावे. भर घालताना खारे पाणी घातल्यास खारेपणा वाढतच जाईल.

पाणी पिकविणे

नांगरट व मशागत न करता कोणी पेरणी करीत नाही. खाऱ्या टाकीत मात्र बहुतेक लोक पाणी भरतात व दुसऱ्याच दिवशी मासा आणतात. बहुतांश नुकसानीचे मूळ येथे आहे.

माशाच्या शरीरातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशास विषारी आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असल्याने, अमोनियाचा जो भाग विशेष घातक असतो, त्याचे प्रमाण खाऱ्या टाकीत गोड्या पाण्याहून अधिक राहते. शेतात आपण युरिया देतो, तेव्हा त्याचा प्रथम अमोनिया होतो. जमिनीतील सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइटमध्ये व दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. टाकीतील दगडांवर व वाळूत अशाच जंतूंची वस्ती व्हावी लागते. ती झाली, म्हणजे पाणी पिकले असे समजावे.

पाणी पिकविण्याची रीत अशी. टाकीत दगड व वाळू रचून, खारे पाणी भरून पंप सुरू करावा. मासा न सोडता सोललेल्या कोळंबीचा लहान तुकडा टाकीत ठेवावा. तो सडू लागला की अमोनिया निर्माण होतो व जंतूंना खाद्य मिळते. दुसऱ्या एखाद्या निरोगी, जुन्या खाऱ्या टाकीतील मूठभर वाळू मिळाल्यास ती विरजणाप्रमाणे उपयोगी पडते. दर तीन-चार दिवसांनी तपासणी संचाने पाणी पाहावे. प्रथम अमोनिया चढतो व उतरतो, नंतर नायट्राइट चढते व उतरते आणि शेवटी नायट्रेट दिसू लागते. यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्यावर आली, की निम्मे पाणी बदलावे.

तरीही खुजा एंजल लगेच आणू नये. दगडांवर हिरवे-तपकिरी शेवाळ धरेपर्यंत आणखी दोन-तीन महिने थांबावे. त्या काळात एखादा काटक लहान मासा ठेवून थोडे खाद्य देत राहावे, म्हणजे जंतूंची वस्ती टिकते. एंजल माशाचे चरणे दगडावर असते. उघड्या दगडाच्या टाकीत त्यास सोडणे म्हणजे गवत नसलेल्या माळावर जनावर बांधण्यासारखे आहे.

दगडांविषयी दक्षता

परदेशी पुस्तकांत समुद्रातून काढलेले ‘जिवंत दगड’ वापरण्यास सांगितलेले असते. आपल्याकडे तसे करता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली कठीण प्रवाळांचा समावेश झाला असून, ते गोळा करणे किंवा विकणे गुन्हा आहे. मालवण येथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आहे. तेथून दगड, प्रवाळ वा मासे उचलून आणू नयेत. मत्स्यालयासाठी बनविलेले सच्छिद्र कृत्रिम दगड पुरेसे काम देतात. १५० लिटरच्या टाकीस वीस किलोच्या आसपास दगड लागतात. ते भिंतीसारखे न रचता, मासा आत शिरून दुसऱ्या बाजूने निघेल अशा फटी व बोळ ठेवावेत. लपण्यास जागा नसलेला एंजल खात नाही व खंगत जातो.

माशाची निवड

दुकानात मासा नुकताच आलेला असल्यास तो घेऊ नये. आठवडाभर थांबून पुन्हा पाहावा. विक्रेत्यास समोर खाद्य घालावयास सांगावे. जो मासा खात नाही, तो कितीही सुंदर असला तरी घेऊ नये. पोट आत गेलेले, डोळे धुरकट, परांच्या कडा झिजलेल्या, किंवा कल्ले जलद चालत असलेले मासे टाळावेत. मासा कोठून व कसा धरला हेही विचारावे. १९६० च्या दशकात फिलिपाइन्समध्ये सायनाइडचे द्रावण सोडून मासे गुंगवून धरण्याची अनिष्ट रीत सुरू झाली व ती पुढे इतर देशांतही पसरली. असा मासा वरून धडधाकट दिसला तरी अनेकदा पुढे दगावतो आणि प्रवाळांचीही हानी होते.

घरी आणल्यावर मासा मुख्य टाकीत न सोडता, चाळीस लिटरच्या साध्या टाकीत चार आठवडे निराळा ठेवावा. तीत वाळू व दगड नसावेत. लपण्यास प्लास्टिकच्या नळाचे तुकडे पुरेत. गाळणीचा स्पंज आधी काही आठवडे मुख्य टाकीत ठेवून मग येथे आणावा, म्हणजे त्याबरोबर उपयुक्त जंतू येतात. प्रारंभी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून उष्णतामान सारखे करावे. नंतर तासाभरात थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत मिसळावे व शेवटी मासा भांड्याने उचलून सोडावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. पहिल्या दिवशी दिवा बंद ठेवावा.

खाद्य

दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे खाद्य द्यावे. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे व उरलेले काढून टाकावे. वाळविलेल्या सागरी शैवालाचे पातळ पान काचेस चिमट्याने लावून ठेवावे, स्पायरुलिना असलेले तयार खाद्य द्यावे आणि अधूनमधून बारीक चिरलेली कोळंबी घालावी. किनाऱ्यावर ताजा जवळा मिळतो. तो स्वच्छ धुऊन, लहान वाटे करून गोठवून ठेवल्यास उपयोगी पडतो. केवळ मांसाहारावर हा मासा निरोगी राहत नाही. शेवाळाचा अंश रोजच हवा.

नित्याची कामे

१. रोज : मासा खातो किंवा नाही हे पाहणे, उष्णतामान पाहणे, खुणेपर्यंत गोडे पाणी भरणे, स्किमरचा पेला पाहणे.

२. दर आठवड्यास : पंधरा लिटर पाणी काढून तितकेच ताजे खारे पाणी घालणे, समोरची काच पुसणे, खारेपणा मोजणे.

३. दर पंधरवड्यास : अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व सामू तपासणे. पहिली दोन शून्य असावीत. नायट्रेट लिटरला वीस मिलिग्रॅमच्या आत राखावे. वाढल्यास खाद्य कमी करून पाणी अधिक बदलावे.

४. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. काढलेल्या खाऱ्या पाण्यातच तो पिळून घ्यावा. अन्यथा उपयुक्त जंतू मरतात.

आठवड्यास पंधरा लिटर म्हणजे वर्षाला सुमारे सत्तावीस किलो मीठ लागते. खर्चाचा अंदाज करताना टाकीच्या किमतीबरोबर हे मीठ, वीज व तपासणी संच यांचा हिशेब धरावा. काढलेले खारे पाणी परसबागेत किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नये.

उन्हाळा, वीज व शेतीची औषधे

पाण्याचे उष्णतामान २४ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावे. खारे व गरम पाणी प्राणवायू कमी धरते. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात उन्हाळ्यात बंद खोलीतील पाणी सहज तीस अंशांवर जाते. झाकण काढून पाण्यावर पंख्याचा वारा घेतल्यास दोन-तीन अंश उतरतात, परंतु बाष्पीभवन वाढते व गोडे पाणी अधिक भरावे लागते. एवढ्यानेही उष्णतामान आटोक्यात येत नसेल, तर त्या ठिकाणी ही टाकी ठेवू नये, असाच सल्ला द्यावा. वीज दीर्घकाळ जाणाऱ्या गावी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा. वीज नसताना खाद्य घालू नये.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक धोका असतो. पिकांवर फवारावयाची कीटकनाशके, विशेषतः सायपरमेथ्रिनसारखी औषधे, माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक आहेत. फवारणी करून आलेल्या हाताने टाकीत काम करू नये. फवारणीची बादली, मग किंवा नळी टाकीसाठी कधीही वापरू नये, कितीही धुतली तरी नको. टाकीच्या खोलीत डासांचे औषध फवारू नये, कारण हवेचा पंप ती हवा ओढून पाण्यात सोडतो.

रोग

अंगावर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसणे, दगडास अंग घासणे, जलद श्वास घेणे ही परोपजीवी जंतूंची लक्षणे होत. अशा वेळी मासा ताबडतोब निराळ्या टाकीत हलवावा. तांब्याचे औषध या रोगावर चालते. परंतु खुजे एंजल तांब्यास नाजूक असून मात्रा रोज मोजावी लागते. बोर्डो मिश्रणासाठी घरात असलेले मोरचूद अंदाजाने टाकीत घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्याने मासा मरेल, शंख-शिंपल्यांसारखे जीव मरतील आणि दगडांत शिरलेले तांबे पुढेही टाकी निकामी करील. चार आठवडे निराळे ठेवण्याचा कंटाळा न केल्यास यांपैकी बहुतेक प्रसंग येतच नाहीत.

उत्पन्नाचा प्रश्न

या माशाची पैदास करून जोडधंदा करावा काय, असे तरुण विचारतात. टाकीत अंडी पडणे शक्य आहे. पिले वाढविणे फार कठीण आहे. संध्याकाळी पाण्यात सोडलेली अंडी एक मिलिमीटरहूनही लहान असून तरंगत असतात व सुमारे एका दिवसात फुटतात. पिलाचे तोंड इतके लहान असते की, मत्स्यबीज केंद्रांत नेहमी वापरले जाणारे सूक्ष्म खाद्यही त्यास गिळवत नाही. हवाई बेटांवर या गणातील जातींची पिले वाढविण्यात यश आले, तेही सन २००० नंतर. म्हणून बाजारातील बहुतेक खुजे एंजल आजही समुद्रातून धरलेले असतात, आणि आपल्या हातून मेलेला मासा प्रवाळातून कायमचा वजा झालेला असतो. याउलट विदूषक मासा अंडी दगडास चिकटवून राखतो व त्याची पिले वाढविणे पुष्कळ सोपे आहे. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्याच्या अनेक जातींची पैदास साधली आहे. ज्यास खाऱ्या पाण्याची हौस आहे, त्याने पहिला मासा म्हणून टाकीत पैदास झालेला विदूषक घ्यावा. ज्यास उत्पन्न हवे, त्याने गोड्या पाण्यातील गप्पी, मोली यांसारख्या माशांपासून सुरुवात करावी.

कार्यकर्त्याने विचारावयाचे प्रश्न

सल्ला मागणाऱ्यास पुढील प्रश्न विचारावेत. शंभराहून अधिक लिटर पाण्याची टाकी ठेवण्यास जागा व बळकट आधार आहे काय? पाणी पिकून शेवाळ धरेपर्यंत तीन-चार महिने रिकामी टाकी सांभाळण्याची तयारी आहे काय? निराळी ठेवण्याची दुसरी टाकी आहे काय? उन्हाळ्यात पाणी अठ्ठावीस अंशांच्या आत राहील काय? घरातील सर्व मंडळी लग्नकार्यास परगावी गेली, तर रोज गोडे पाणी कोण भरणार?

पाचही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आल्यास हा मासा अवश्य ठेवावा. योग्य निगेत तो अनेक वर्षे जगतो, खडकांच्या फटींतून दिवसभर चरत राहतो, आणि समुद्र कधी न पाहिलेल्या मुलांना प्रवाळातील जीवनाची ओळख करून देतो. एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यास तूर्त गोड्या पाण्याची टाकी ठेवून पाण्याची पारख करण्यास शिकावे. मासा हे या कामातील शेवटचे पाऊल आहे. ते उशिरा टाकल्याने कोणाचेच नुकसान होत नाही.